मापट्यातून काट्यावर
बीड जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरांसाठी केलेल्या माप-वजन पुस्तिकेची प्रस्तावना

येसराची, म्हणजे आमटीसाठीच्या मसाल्याच्या पिठाची, यादी एकाच घरात दोन पिढ्यांना विचारली, तर ती दोन तऱ्हांनी मिळते. सासू सांगते : दोन मापटी गहू, मापटंभर हरभऱ्याची डाळ, चिपटंभर धणे, मग जिरं, मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल, सुंठ. सुनेला तीच यादी दुकानात द्यायची तर किलो-ग्रॅममध्ये लिहावी लागते, कारण दुकानदार आता मापट्यानं काही देत नाही. गडबड होते ती इथं. मापटं म्हणजे चारशे ग्रॅम, असं कुणीतरी कधीतरी सांगून ठेवलेलं असतं. मापटं अर्ध्या लिटरचं असेल तर गव्हाला तो हिशेब बरोबर लागतो, डाळीलाही लागतो. म्हणून तोच धण्यालाही लावला जातो. चिपटं म्हणजे मापट्याचं निम्मं, तेव्हा धणे दोनशे ग्रॅम. प्रत्यक्षात त्याच मापानं चिपटंभर धणे भरतात जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम. धणा आतून पोकळ असतो, तो जागा व्यापतो पण काट्यावर उतरत नाही. त्या वर्षीच्या येसरात धणे दुपटीहून जास्त पडतात, आमटीला नेहमीची चव येत नाही, आणि दोष जातो मिरचीला, गिरणीला नाहीतर सुनेच्या हाताला.

दोष त्यांपैकी कुणाचाच नसतो. दोष असतो तो एकच आकडा सगळ्या जिनसांना लावण्याचा. मापाचं वजन करायचं तर गव्हाचा आकडा वेगळा, धण्याचा वेगळा, पिठाचा वेगळा, पोह्यांचा वेगळा. एवढी एक गोष्ट नीट समजली, तर या पुस्तिकेतले तक्ते कसे वापरायचे हे वेगळं सांगावं लागणार नाही. ती समजली नाही, तर तक्ते पाठ करूनही फसगत होईल. म्हणून तक्त्यांच्या आधी ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

आपल्याकडची जुनी मापं आठवा. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडशिरी, पायली. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, असं दुप्पट दुप्पट करत पायलीपर्यंत जायचं. या रचनेत मोठं शहाणपण आहे. काटा नाही, लिहिता-वाचता येत नाही, तरी कोणत्याही पदार्थाचं प्रमाण निम्मं किंवा दुप्पट करता येतं. फक्त एक माप खाली नाहीतर वर सरकायचं. खळ्यावर रास मोजताना पहिलं माप ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून टाकायचं आणि पुढं दोन, तीन मोजत जायचं, हा रिवाज ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही मापं किती जिवाभावाची होती ते सांगायला नको. सालगड्याचं धान्य, बलुतेदाराचं बलुतं, शेजारणीची उसनवारी, सगळं याच मापांवर चालत होतं.

पण पायलीच्या पुढं गेलं की एकमत संपतं. कुठं बारा पायल्यांचा मण, कुठं सोळांचा. पायलीही सगळीकडं सारख्या आकाराची नव्हती. पुण्याकडची वेगळी, आपल्याकडची वेगळी. त्यात शेर दोन होते. एक मापाचा शेर आणि एक वजनाचा. वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबानं ९३३ ग्रॅम; असे चाळीस शेर म्हणजे वजनी मण, सव्वासदतीस किलोंच्या किंचित वर. मापाच्या शेराचं मात्र वजन ठरलेलं नव्हतं. त्यात ज्वारी भरली तर एक वजन, शेंगदाणे भरले तर दुसरं. ‘पायली म्हणजे चार शेर’ हे वाक्य मापाच्या शेराबद्दल आहे, हे विसरून पायलीला ९३३ गुणिले चार असा हिशेब करणारी माणसं आजही भेटतात. समजा पायली चार लिटरची आहे, तर तिच्यात ज्वारी मावेल तीन किलोंच्या आसपास. वजनी शेरानं हिशेब केलात तर पावणेचार किलो धरून बसाल.

मराठवाड्याच्या वाट्याला हा गोंधळ जरा जास्तच आला, आणि त्याला कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाचं राज्य गेलं. बीड आधी हैदराबाद राज्यात राहिलं, १ नोव्हेंबर १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. त्याच काळात निजामाचा हाली सिक्का व्यवहारातून गेला, भारतीय रुपया आला, आणि १ एप्रिल १९५७पासून त्या रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. वजन-मापांचा दशमान कायदा १९५६चा. १९५८च्या ऑक्टोबरपासून किलो टप्प्याटप्प्यानं बाजारात उतरला आणि १९६२पर्यंत सक्तीचा झाला. १९२५च्या सुमारास गेवराईत किंवा मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, जन्मलेल्या बाईनं चाळिशीच्या आत राज्य बदललेलं पाहिलं, नाणं बदललेलं पाहिलं आणि तराजूतली वजनंही बदललेली पाहिली. नाण्याचा बदल सक्तीनं शिकावा लागला, कारण त्याशिवाय बाजार होत नाही. स्वयंपाकघरातलं मापटं मात्र कुणी बदलायला आलं नाही. ते तसंच राहिलं, आणि त्याच्या जोडीला किलोचा बाजार आला. आज आपण ज्या हिशेबात अडखळतो तो तिथून सुरू झाला. त्या पिढीनं एवढे बदल कुरकुर न करता पेलले याचं मला फार अप्रूप वाटतं, आणि त्यांची मापं भंगारात जाण्याआधी त्यांचं वजन कागदावर उतरावं, ही या पुस्तिकेमागची एक तळमळ आहे.

आता मूळ प्रश्नाकडं. एका मापात मावणाऱ्या दोन जिनसांचं वजन वेगळं का होतं?

डब्यात लाडू कितीही दाबून रचले तरी मधे फटी राहतात, धान्याचंही तसंच. गोलसर दाणे मापात ओतले तर दाण्यांनी व्यापलेली जागा साठ टक्क्यांच्या आसपास असते, बाकी सगळी हवा. दाणा मोठा की बारीक, यानं यात फारसा फरक पडत नाही, आणि ही गोष्ट बहुतेकांना पटत नाही. बारीक दाणा जास्त मावेल असं वाटतं. संख्येनं तो जास्त मावतो, पण वजनात बाजरी आणि गहू एकमेकांपासून फार लांब जात नाहीत. एक लिटरच्या मापात गहू चांगले पावणेआठशे ते आठशे ग्रॅम भरतात, तांदूळ आठशेच्या आसपास, ज्वारी सव्वासातशे ते साडेसातशे, तूरडाळ आठशे किंवा थोडी जास्त. म्हणजे धान्य आणि डाळी यांची एक बिरादरी आहे : लिटरला सव्वासातशे ते सव्वाआठशे ग्रॅम. काहीच हाताशी नसेल तर लिटरला आठशे हा आकडा धान्य-डाळींना लावा, चूक फार होणार नाही.

बिरादरीबाहेर पाऊल टाकलं की आकडे उड्या मारतात. साखर लिटरला साडेआठशे, बारीक मीठ बाराशेच्या घरात. शेंगदाणे सहाशे ते साडेसहाशे, कारण त्यांचा आकार लांबट आणि दाणाही तेलकट, हलका. त्यांचाच कूट केला की पाचशेच्या आतबाहेर. तीळ सहाशे. रवा सातशे. जाड पोहे तीनशे ते चारशे, पातळ पोहे दोनशे, चुरमुरे शंभराच्या आत. ज्या वाटीनं रवा मोजला त्याच वाटीनं जाड पोहे मोजले, तर डोळ्यांना सारखेच दिसतील. काट्यावर रवा पोह्यांच्या दुप्पट उतरेल.

पिठांचा भाग मात्र सावकाश वाचावा, अशी विनंती आहे. सगळ्यात जास्त घोळ पिठात होतो. गव्हाचं पीठ चाळून, हलक्या हातानं वाटीत सोडलं, तर लिटरला पाचशे ग्रॅम भरतं. तीच वाटी पिठाच्या डब्यात खुपसून, डब्याच्या कडेला ठोकून बाहेर काढली, तर सहाशे-साडेसहाशे. वाटी तीच, पीठ तेच, हातही तोच, आणि फरक पाव हिश्श्याचा. बेसनाची गत तर याहून वाईट. चाळलेलं बेसन लिटरला चारशेच्याही खाली जातं आणि डब्यात बसलेलं पाचशे होतं. गिरणीतून नुकतं आणलेलं पीठ गरम आणि फुललेलं असतं, चार दिवसांनी ते डब्यात खाली बसतं, आणि डब्याच्या तळचं पीठ वरच्यापेक्षा घट्ट असतं. रोजच्या पोळ्यांना यानं काही बिघडत नाही, कारण मळणारा हात पाणी कमी-जास्त करून सगळं सांभाळून घेतो. बेसनाचे लाडू, शंकरपाळी, बिस्किटं अशा पदार्थांत तूप आणि साखर आधीच ठरलेली असते. तिथं हाताला सांभाळायला वाव नसतो. म्हणून पिठाच्या तक्त्यात प्रत्येक पिठापुढं दोन आकडे दिले आहेत, सैल आणि बसलेलं. कृती लिहिणाऱ्यानं कोणतं पीठ धरलं होतं हे कळत नसेल, तर चाळून सैल घ्यावं आणि थोडं राखून ठेवावं.

शिगेचंही सांगायला हवं. माप काठोकाठ भरून हातानं सपाट करायचं की वर शीग चढवायची, यावर खळ्यावर भांडणं झाली आहेत. स्वयंपाकघरात मात्र कुणी तो प्रश्न विचारतच नाही. धान्याचा ढीग आपापल्या उताराला थांबतो. त्या उतारावरून हिशेब मांडला, तर उंची आणि रुंदी सारखी असलेल्या उभ्या मापावर ज्वारीची शीग सुमारे आठ टक्के भर घालते. माप पसरट झालं की शीग वाढत जाते. आपली नेहमीची अर्धगोल वाटी घ्या. तिच्यावर धान्याची शीग चढवली तर वाटी सव्वा वाटी होते. पिठाचा ढीग याहून उभा राहतो, त्यामुळं शिगेची पिठाची वाटी दीड वाटीपर्यंत जाऊ शकते. ‘वाटीभर’ या एका शब्दात पन्नास टक्क्यांचा खेळ लपलेला असतो. या पुस्तिकेतला प्रत्येक आकडा सपाट मापाचा आहे : वर सुरीची पाठ किंवा पट्टी फिरवून, न दाबता, न ठोकता.

हे आठ टक्के किती असतात ते शाळेत बघा. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरलेलं आहे. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. नोंदवही ग्रॅम आणि किलोत लिहायची असते. भांडं मात्र चुलीपाशी असतं आणि काटा असतो मुख्याध्यापकांच्या खोलीत, असला तर. एखाद्या वस्तीशाळेत पहिली ते पाचवीची चाळीस मुलं जेवायला आहेत असं धरू. त्यांना चार किलो तांदूळ लागतो, म्हणजे एक लिटरची पाच सपाट मापं. डाळ आठशे ग्रॅम, म्हणजे तूरडाळीचं एकच सपाट माप. हिशेब इतका सरळ आहे की तो भिंतीवर खडूनं लिहून ठेवता येईल. पण स्वयंपाक करणाऱ्या ताईनं मायेनं शीग चढवली, तर पाच मापांत रोज सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास तांदूळ जास्त जातो. महिन्याच्या चोवीस दिवसांत साडेसात किलोंहून जास्त. म्हणजे महिना संपायला जवळपास दोन दिवसांचा तांदूळ कमी पडतो. मग शेवटच्या आठवड्यात माप आखडतं घेतलं जातं, किंवा नोंदवही आणि पोतं यांचा मेळ बसत नाही म्हणून तपासणीत त्या ताईला बोल लावला जातो. तिनं घरी काही नेलेलं नसतं. माप सपाट की शिगेचं, एवढंच तिला कुणी सांगितलेलं नसतं. मानधनावर राबणाऱ्या या बायकांवर संशय घेण्याआधी त्यांच्या हातात एक ठरवून दिलेलं माप द्यायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं. शाळांसाठी आणि अंगणवाड्यांसाठी एक तक्ता वेगळा काढला आहे तो याचसाठी. तो फाडून भिंतीला लावायचा आहे.

रेशनच्या धान्याचाही असाच हिशेब उपयोगी पडतो. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. दिवसाला ते होतं १६६ ग्रॅम. तांदूळ असेल तर दोनशे मिलिलिटरचं फुलपात्र भरून वर चिमूटभर. आपल्या जिल्ह्यातली लाखो माणसं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि पार कर्नाटकापर्यंत, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पहाटे चारला कोपीपुढं चूल पेटवणाऱ्या बाईकडं काटा कुठून असणार? एक तांब्या, एक जर्मनचं पातेलं आणि ओंजळ. त्या एका तांब्यात किती ग्रॅम पीठ मावतं हे तिला एकदा माहीत झालं, तर कारखान्यालगतच्या दुकानातून उधारीवर आणलेलं धान्य किती दिवस पुरायला हवं याचा अंदाज तिचा तिलाच बांधता येतो. उचलीतून काय काय कापलं जाणार, याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. धान्याचा तरी तिच्याकडं असावा.

काही जण म्हणतील, आमच्या आज्यांनी काटा न बघता शंभर माणसांची पंगत उठवली, आता हे कशाला? त्यांचा हात खरोखरच अचूक होता, याबद्दल मला शंका नाही. पण तो अचूक होता तो ठरलेल्या भांड्याच्या, ठरलेल्या घराच्या आणि रोजच्या सरावाच्या आधारावर. एकच वाटी सगळ्या जिनसांना वापरली की प्रमाण आपोआप टिकतं. वाटी लहान असो वा मोठी, पदार्थ बिघडत नाही. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नं वाटी-चमच्याचं प्रमाण घराघरांत रुजवलं, ते याच बळावर. अडचण येते ती चार प्रसंगी. एखादी जिन्नस वजनाच्या पुड्यातून थेट पातेल्यात पडते तेव्हा. चौघांचा पदार्थ चारशेंचा करायचा असतो तेव्हा. हात बदलतो तेव्हा. आणि पदार्थ विकायचा असतो तेव्हा. गावोगावच्या बचत गटांच्या बायका आता येसर, काळं तिखट, कुरडया, खारोड्या, शेंगदाण्याची चटणी पाकिटात घालून विकतात. पाकिटावर वजन छापावं लागतं, मागच्या खेपेची चव पुढच्या खेपेला यावी लागते, आणि खर्चाचा हिशेब किलोत निघतो. तिथं ‘अंदाजानं’ चालत नाही. सप्त्याच्या महाप्रसादाला गावोगावचे आचारी पुरणाची डाळ किलोनं सांगतात आणि घरची वडीलधारी बाई ती पायलीनं विचारते. दोघांच्या मधे उभा राहणारा तरुण पोरगा फोनवर शोधून एखाद्या परक्या देशातल्या कपाचं कोष्टक वाचून दाखवतो. ते कोष्टक आपल्या पायलीला लागू होणार नाही.

कपांचंही एकमत नाही. अमेरिकेतला कप २४० मिलिलिटरच्या आसपास, ऑस्ट्रेलियातला २५०चा, आणि जपानी भात-कुकरासोबत येणारा १८०चा, कारण तो तिथल्या ‘गो’ या जुन्या मापावरून आला आहे. बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६च्या आपल्या पाकपुस्तकात सपाट मापाचा आग्रह धरला, आणि तिथून अमेरिकन स्वयंपाकघरात कप-चमचे स्थिर झाले. अमेरिकेतल्या धान्यबाजारानं मात्र दुसरी वाट काढली. तिथलं बुशेल हे मुळात मापच, सव्वापस्तीस लिटरचं. व्यापार वाढल्यावर त्यांनी प्रत्येक धान्याच्या बुशेलचं वजन ठरवून टाकलं : गव्हाचं साठ पौंड, ज्वारीचं छप्पन्न, ओटचं बत्तीस. म्हणजे माप एक आणि वजनं निरनिराळी, हे त्यांनी मान्यच करून टाकलं. आपल्या पायलीच्या नशिबी असं कोष्टक कधी आलं नाही. आलं असतं तर ती बाजारातून इतकी मुकाट्यानं गेली नसती, असं मला वाटतं.

ओलाव्याबद्दल थोडं, कारण आपल्या भागात सोयाबीन आणि तूर घरची असते. ओला दाणा फुगतो. त्यामुळं ओल्या धान्याचा एकेक दाणा जड असूनही मापभर धान्याचं वजन वाळलेल्यापेक्षा कमी भरू शकतं. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची अट असते ती वजनात पाणी विकलं जाऊ नये म्हणून. घरात याचा अर्थ एवढाच, की खळ्यावरून आलेल्या धान्याचं माप-वजन ऊन दिल्यानंतर करावं. भाजण्याचंही असंच. डाळ भाजली की तिच्यातलं पाणी उडतं, वजन घटतं, आणि दाणा थोडा फुलल्यानं माप उलट वाढतं. येसराच्या, भाजणीच्या आणि मेतकुटाच्या कृती लिहिताना ‘भाजण्याआधी’ की ‘भाजल्यावर’ हे लिहिलं नाही, तर पुढचे सगळे आकडे निरुपयोगी होतात. पुस्तिकेत सगळीकडं भाजण्याआधीचं वजन धरलं आहे.

तक्ते वापरण्याआधी प्रत्येकीनं आपल्या घरच्या मापाची ओळख करून घ्यावी. यासाठी पाण्यासारखा दुसरा पंच नाही, कारण एक लिटर पाणी एक किलोच भरतं. रिकामी वाटी किंवा मापटं काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम दाखवील तितक्या मिलिलिटरचं ते माप. वाटी १५० ग्रॅम पाण्याची निघाली, तर तक्त्यातल्या लिटरच्या आकड्याला हजारानं भागून दीडशेनं गुणायचं. तांदूळ १२० ग्रॅम, साखर सव्वाशेच्या वर, रवा १०५, सैल गव्हाचं पीठ ७५, जाड पोहे पन्नासच्या आसपास. घरात काटा नसेल तर हे काम किराणा दुकानात एका फेरीत होतं. मापटं आणि पाण्याची बाटली घेऊन जा. मापाच्या बुडाला तो आकडा रंगानं लिहून ठेवा. पितळी मापट्याचं बूड ठोके पडून आत गेलेलं असतं, काठ वाकलेला असतो, म्हणून नाव मापटं असलं तरी ते अर्ध्या लिटरचं निघेलच असं नाही. जे निघेल ते तुमचं.

मसाल्यांना वेगळी रीत लागते. चमचाभर हळद तीन ग्रॅम, चमचाभर मीठ सहा ग्रॅम, चमचाभर जिरं दोन ग्रॅम. हे पाच मिलिलिटरच्या सपाट चमच्याचे आकडे आहेत. घरगुती काटा इतक्या थोड्या वजनाला धड उत्तर देत नाही, एका ग्रॅमची चूक म्हणजे इथं निम्मं वजन. तेव्हा दहा चमचे एकत्र तोलायचे आणि दहानं भागायचं. तिखटाचं मात्र ठाम काही सांगता येत नाही. डंखावर कुटलेलं, गिरणीवर दळलेलं, तेल लावून ठेवलेलं, प्रत्येकाचं वजन निराळं, आणि तिखटपणा तर मिरचीवरच. तक्त्यात तिखटापुढं एक आकडा दिला आहे, पण त्याच्यासमोरचा रकाना तुमच्यासाठी मोकळा सोडला आहे.

काही गोष्टी मुद्दामच घेतल्या नाहीत. भाताला पाणी किती, हे मापानंच मोजावं; ज्या वाटीनं तांदूळ त्याच वाटीनं पाणी, तिथं काट्याची गरज नाही. फोडणीची मोहरी, आमटीतलं मीठ, भाकरीच्या पिठातलं गरम पाणी हेही हाताकडंच राहू द्यावं. गूळ घेतलेला नाही, कारण ढेप, चिक्की गूळ आणि किसलेला गूळ यांना एका मापात बसवता येत नाही. गूळ नेहमी तोलूनच घ्यावा. तेल-तूप ओल्या जिनसा म्हणून बाहेर राहिल्या, तरी एवढं लक्षात असू द्यावं की लिटरभर तेल किलोभर भरत नाही, ते ९१०-९२० ग्रॅम असतं.

पहिला तक्ता धान्य आणि डाळींचा आहे, दुसरा पिठांचा, तिसरा तेलबिया, कूट आणि पोहे-चुरमुऱ्यांचा, चौथा मसाल्यांचा, पाचवा शाळा-अंगणवाड्यांचा. निळव्यापासून पायलीपर्यंतच्या मापांना शेवटी एक पान दिलं आहे. त्यात आकडे छापलेले नाहीत. धारूरच्या घरातली पायली आणि आष्टीच्या घरातली पायली एकच आहे असं धरून चालायचं नाही, तेव्हा ज्याच्या घरी जे माप असेल त्यानं त्यात पाणी भरून आकडा लिहावा, शेजारी गावाचं नाव आणि माप कशाचं आहे तेही लिहावं : पितळेचं, लाकडाचं की पत्र्याचं.